भोंगा वर होईपर्यंत

बोलायचं पुष्कळ आहे, पण माझ्या तोंडात एक मोजा कोंबलेला आहे. म्हणून आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. मोजा कोणाचा, का कोंबला आणि अजून का काढला नाही, ते ओघात येईलच.

मी सॅक्सोफोन. मरोळ गावठाणात, मॉनिकाबाईंच्या घरी, लोखंडी खाटेखाली राहतो. अंग पितळेचं, वर चोवीस-पंचवीस चाव्या, आणि पुढे हत्तीच्या सोंडेसारखा वळून वर आलेला भोंगा. लग्नात मला बघून लहान पोरं विचारतात, ह्याच्यात पाणी भरतात का? भरत नाहीत. पण पाण्याशी माझा संबंध आहे, तोही सांगतो.

जन्म मेरठचा. तिथे गल्लीगल्लीत बाजे बनतात. एका कारागिराने पत्रा ठोकून ठोकून मला वाकवलं, भोकं पाडली, चाव्या डागल्या आणि फुंकून बघितलं. माझ्यातून पहिला आवाज निघाला तो म्हशीसारखा. कारागीर म्हणाला, चालेल. त्या एका शब्दावर मी दुनियेत आलो.

पहिला मालक सांताक्रूझचा. हॉटेलात नाचाच्या बँडमध्ये वाजवायचा. हॉटेलं बदलली, नाच बदलले, त्याचे दात पडले. मग त्याने मला दिवाणखान्यात खिळ्याला टांगलं आणि माझ्या भोंग्यात प्लास्टिकची फुलं खोचली. अकरा वर्षं मी फुलदाणी होतो. पाहुणे म्हणायचे, वा, शोपीस छान आहे. वाद्याला शोपीस म्हणणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला त्या खिळ्याला अकरा वर्षं लटकल्याशिवाय कळायचं नाही.

मग एक दिवस डेल्रॉय आला. म्हाताऱ्याच्या घरी ख्रिसमसचा तारा लावायला आला होता, शिडीवर चढला आणि वरूनच मला बघितलं.

"अंकल, ह्याच्यात फुलं का?"

"वाजवणारा कोण आहे? वाजवून दाखव, घेऊन जा."

डेल्रॉयने फुलं काढली, धूळ उडवली, फुंकलं. पुन्हा म्हैस. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. पण शब्द पाळला. त्या संध्याकाळी मी डेल्रॉयच्या स्कूटरवर बसून मरोळला आलो, आणि तारा लावायचा राहिला तो राहिलाच.

घरात तीन माणसं. मॉनिकाबाई, डेल्रॉय आणि त्याचा धाकटा भाऊ पॉल. वडील लवकर गेलेले. पॉलचं सांगायचं तर आठवीत शाळेने त्याला सोडलं की त्याने शाळेला, ह्यावर घरात अजून एकमत नाही. डोकं गरम, हात जड. डेल्रॉय म्हणाला, हात जड आहेत तर ढोल वाजव. आणि त्याच्या गळ्यात बँडचा मोठा ढोल अडकवला. नोटेशन वगैरे पॉलला काही येत नाही. डेल्रॉयने त्याला पावलांवर शिकवलं. चार पावलं चाल, मार. चार पावलं चाल, मार. पॉल आजही घरात चालताना बोटांनी मांडीवर मारतो.

आमचा बँड आठ जणांचा. गावठाणातली लग्नं, सणांच्या मिरवणुका, कधी कोणाची अंत्ययात्रा. आता पाण्याचं सांगतो. इथल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराच्या पाण्याला जायची रीत आहे. नटूनथटून सगळं घर विहिरीवर जातं, पाणी भरतं आणि परत येतं. पुढे आम्ही. जाताना काहीही वाजवा, लोक नाचतात. येताना मात्र बायकांच्या डोक्यावर भरलेल्या घागरी असतात. तेव्हा आमचा बँड एकच चाल वाजवायचा, अगदी संथ. पाणी हिंदकळू नये म्हणून. ती चाल डेल्रॉयने बसवलेली.

आणि ती संपायची कधी? त्याला माप नव्हतं. कधी रस्त्यात टेम्पो आडवा, कधी कोणाची आजी दमली. घर येईपर्यंत फेरीवर फेरी वाजवत राहायची. दार आलं की डेल्रॉय माझा भोंगा वर उचलायचा, आभाळाकडे. भोंगा वर झाला की चालू फेरी पुरी करून आठही जण एकदम थांबायचे. कोणी मोजत नसे. सगळे माझ्याकडे बघत असत. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

गोराईच्या लग्नाला मला पोचा आला. फेरीबोट धक्क्याला लागायच्या आधीच पॉलने मला खांद्यावर घेऊन उडी मारली, पाय सटकला आणि तो माझ्यावर पडला.

डेल्रॉय धावत आला. "हाड मोडलं का रे?"

"नाय."

"मग उठ ना येड्या. त्याचं मोडलंय."

त्या दिवसापासून माझा सगळ्यात खालचा सूर घरघरतो. दुरुस्त करून घे, असं सगळे म्हणाले. डेल्रॉय म्हणाला, राहू दे, खर्जात माशी शिरल्यासारखी मजा येते.

आता विद्याधर सर. मुलुंडला राहतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चालींना व्हायोलिनं, बासऱ्या जोडून दिल्या. कोणी काय, कधी, किती वाजवायचं ते कागदावर मांडायचं, हा त्यांचा धंदा. ते मरोळला एका लग्नाला आले होते आणि उंबराच्या पाण्याच्या परतीला मिरवणुकीत शेवटी चालत होते. घरी पोचल्यावर जेवण सोडून ते डेल्रॉयला शोधत आले.

"तू घरी काय ऐकतोस?"

"जॅझ ऐकतो सर. पण इथे जॅझवर कोण घागर उचलणार?"

"मला ही चाल लिहून घेऊ दे."

अशी सुरुवात झाली. एकाच्या आठ चाली झाल्या. वर्षभर डेल्रॉय दर रविवारी चर्चमधली मिसा आटपून मुलुंडला जायचा. मी वाजायचो, सर लिहायचे. पहिल्याच रविवारी सर थांबले.

"हा खालचा सूर खराब आहे."

"खराब नाय सर, गोराईचा आहे."

सरांनी चष्म्यातून मला बघितलं, आणि कागदावर त्या सुराखाली बारीक अक्षरात लिहिलं, गोराई. मला त्या दिवशी पोच्याचा अभिमान वाटला.

अल्बमचं नाव ठरलं 'विहिरीवरून घरी'. वाजवणारे सतरा. आमच्या बँडचे आठ, आणि सरांचे नऊ, त्यात व्हायोलिनं, चेलो, बासरी, पियानो. मी त्यांची दोन नावं ठेवली होती. सरांचे ते कागदवाले, आमचे ते पायवाले. कागदवाले कागद बघून वाजवतात. पायवाले चालल्याशिवाय वाजवूच शकत नाहीत.

हल्ली रेकॉर्डिंग म्हणजे एकेकाने येऊन कानाला हेडफोन लावून आपापलं वाजवायचं, मग मशीनवर जोडायचं. आमच्या भाऊरावांना तसं बसवलं. भाऊराव आमचे ट्रम्पेटवाले, घाटकोपरचे, मूळ मालवणकडचे, वय पासष्ट. हेडफोनमध्ये टिक टिक सुरू झाली. भाऊरावांनी ट्रम्पेट खाली ठेवला.

"ह्या काय घड्याळ लावलंत माझ्या कानात? डेल्रॉय खंय आसा? तो दिसल्याशिवाय माका वाजवूक येवचा नाय."

शेवटी अंधेरीतल्या एका मोठ्या स्टुडिओत सगळ्यांना एका खोलीत उभं केलं. रेकॉर्डिंगला रेवती होती. तिने काचेमागून पहिला टेक थांबवला.

"सर, ठक ठक येतंय."

पायवाले जागच्या जागी चालत होते. बूट काढा म्हणाली. आठही जणांनी बूट काढले. भाऊरावांच्या मोज्यातून अंगठा बाहेर. व्हायोलिनवाली बाई इतकी हसली की तिचा पुढचा टेक वाया गेला. डेल्रॉयने तर मोजेही काढले, फरशी गार लागते म्हणाला.

सात चाली चार दिवसांत झाल्या. झकास झाल्या. आठवी, शेवटची, परतीची चाल. सरांनी कागदावर आठ फेऱ्या लिहिल्या होत्या, पुढे दोन आडव्या रेघा आणि खलास. सर म्हणाले, डेल्रॉय, आज शिस्तीत वाजव, कागद बघ. डेल्रॉयने मान हलवली.

आठवी फेरी संपली. कागदवाले थांबले. पण डेल्रॉयचे डोळे कागदावर होते, त्याने भोंगा वर केलाच नाही. मग पायवाले कशाला थांबतील? ते आपले चालतायत. पॉलचा ढोल, भाऊरावांचा ट्रम्पेट, सगळं चालूच. आणि मग डेल्रॉयही त्यांच्याबरोबर निघाला. नववी फेरी, दहावी, अकरावी. कागदावर नसलेलं. मी जन्मात असा वाजलो नव्हतो. बाराव्या फेरीच्या अर्ध्यावर सर ओरडले, "कट! कट करा! वाया घालवलात!" रेवतीने मशीन थांबवलं. चाल हवेत लटकली.

"शनिवारी पुन्हा घेऊ," सर म्हणाले.

"घेऊ सर," डेल्रॉय म्हणाला. तो हसत होता. मला पेटीत ठेवताना त्याला मोजे सापडले, एक त्याने खिशात कोंबला आणि एक माझ्या तोंडात, म्हणजे भोंग्यात. मग अनवाणी पायांत बूट घालून घरी आला.

गुरुवारी सकाळी त्याने पेटी उघडली. मला फुंकतात त्या टोकाशी वेताची पातळ पट्टी लागते, रीड म्हणतात तिला. तिचा टवका उडाला होता. शनिवारसाठी नवीन हवी होती.

"पॉल, सांताक्रूझला जाऊन रीड आण ना."

"तूच जा यार. मी झोपतोय."

डेल्रॉय गेला. मरोळ नाक्यावर पाण्याचा टँकर होता.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी खाटेखाली होतो, मी काही बघितलं नाही. पोलिसांचा फोन आला तेव्हा मॉनिकाबाई सोरपोटेलसाठी कांदा कापत होत्या, आणि तो अर्धा कापलेला कांदा ओट्यावर तीन दिवस तसाच होता. डेल्रॉयचं वय एकतीस होतं.

चर्चच्या हॉलमध्ये पॉल मला घेऊन आला आणि सरळ शवपेटीत, भावाच्या कुशीत ठेवलं. झाकण लागेना. त्याने मला आडवं केलं, उभं केलं. झाकण लागेना. दाबायला लागला.

"पॉल, काढ ते," मॉनिकाबाई म्हणाल्या.

"त्याचं आहे मम्मी. त्याच्याबरोबर जाणार."

"तुझा भाऊ पंधरा वर्षं ह्याचं ओझं गळ्यात घालून फिरला. आता तरी त्याला मोकळा झोपू दे."

तेव्हा पॉलने मला काढलं. मी गेलो असतो, माझी तयारी होती. पण बाईंचं बरोबर होतं. मी झोपेत टोचतो.

बाहेर बँड उभा होता. सहा जण, पांढऱ्या शर्टात. भाऊरावांनी ट्रम्पेट ओठांना लावला मात्र, पॉल त्यांच्या अंगावर धावून गेला.

"वाजवायचं नाय! तेव्हा तुम्ही थांबला असता तर शनिवार लागला असता का? शनिवार नसता तर तो गेला असता का रीड आणायला? थांबायचं तेव्हा तुम्ही थांबला नाय, आता काय वाजवताय!"

भाऊरावांनी ट्रम्पेट खाली घेतला. मरोळच्या अर्ध्या लग्नांची वरात ज्याने काढली, तो वाजंत्रीशिवाय गेला. नुसते चपलांचे आवाज.

आणि "मी झोपतोय" हे पॉलने कोणाला सांगितलं नाही. ते त्या खोलीत तिघांनाच माहीत होतं. त्यातला एक गेला, एक तो, आणि एक मी.

चार महिने मी खाटेखाली. कोणी पेटीला हात लावला की पॉल अंगावर यायचा. मॉनिकाबाईंनी झाडू मारताना पेटी सरकवली तर त्यांच्यावरही ओरडला, मग रडला, मग स्वतःच सगळं घर झाडून काढलं.

एका रविवारी विद्याधर सर आले. हातात लॅपटॉप. बिचारे वाळले होते.

"पॉल, सात चाली तयार आहेत. आठवीला शेवट नाही. वांद्र्याचा एक चांगला वाजवणारा आहे. ह्याच सॅक्सोफोनवर त्याने पुन्हा वाजवली तर आवाज जुळेल."

"ह्याला दुसऱ्याचं तोंड लागणार नाय."

"मग आठव्या फेरीला कापतो. पुढचं फेकून देतो."

"फेका. सगळं फेका. अल्बम पण फेका. त्याच्या पायीच गेला तो."

सर उठले नाहीत. "फेकायच्या आधी एकदा ऐक. तू त्या दिवशी ढोलाच्या मागे होतास, तुला फक्त ढोल ऐकू आला असेल."

त्यांनी हेडफोन दिला. पॉलने खाटेवर बसून ऐकलं. मी खाली होतो, त्याचे पाय दिसत होते. चार पावलं, बोट. चार पावलं, बोट. आठवी फेरी संपली असेल, कारण पाय थांबले.

"सर, मागे घ्या. पुन्हा."

पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे घ्यायला लावलं.

माझ्यासमोरच्या माइकने ते पकडलं होतं. आठवी फेरी संपते, व्हायोलिनं थांबतात, डेल्रॉय श्वास घ्यायला मला तोंडातून सोडतो, आणि हसत, हळू आवाजात म्हणतो, "पॉल, चालू ठेव रे."

मला ते आधीपासून माहीत होतं. मला तर त्याच्याही आधीचं माहीत आहे. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा माझ्या पाठीखाली असायचा. आठव्या फेरीच्या शेवटी तो अंगठा मला उचलायला लागला होता. कागद बघून तो विसरला, असं सगळे समजले. विसरला नव्हता. मी अर्धा इंच वर गेलो होतो. मग त्याने मागे वळून पायवाल्यांकडे बघितलं, आणि मला खाली घेतलं.

पॉल तसाच उठला, रिक्षा केली आणि घाटकोपरला गेला. मला बरोबर घेऊन. कशाला घेतलं ते त्यालाही माहीत नसावं. भाऊराव दारात लसूण सोलत बसले होते.

"काका, चूक तुमची नव्हती."

"मगे कोणाची?"

"कोणाचीच नाय. तो थांबलाच नाय."

भाऊराव लसूण सोलत राहिले. मग म्हणाले, "आमी तरी खंय थांबलव? भोंगो वर झालोच नाय अजून. आमी अजून चालतच आसव, झिला." आणि आत वळून ओरडले, "कुंदा, चाय टाक. डेल्रॉयचो भाव इलोहा."

शेवट घ्यायला पुन्हा सगळे अंधेरीला जमलो. जमलो म्हणजे मीही, पेटीत, पॉलच्या पायाशी. बूट दाराबाहेर. भाऊरावांनी नवीन मोजे घातले होते, व्हायोलिनवालीला मुद्दाम दाखवले. काम सोपं होतं. टेप जिथे तुटली होती तिथून सगळ्यांनी मिळून बारावी फेरी पुरी करायची, तेरावी वाजवायची आणि थांबायचं.

थांबवायला सरांनी हात वर केला. कागदवाले थांबले, पायवाले पुढे. दुसऱ्यांदा तिघे थांबले, बाकीचे चालू. मग रेवती म्हणाली, मी लाल दिवा लावते, दिवा लागला की थांबा.

भाऊराव म्हणाले, "बाय माझे, दिव्यार मिरवणूक थांबणा नाय. ता सिग्नलचा काम."

सगळे हसले. आणि हसून झाल्यावर सगळे त्याच जागेकडे बघायला लागले, जिथे कोणी उभं नव्हतं. पाचवा टेक गेला. सहावा गेला. सरांनी घाम पुसला.

सातव्या टेकला बारावी फेरी संपली आणि ढोल बंद पडला. पॉलने गळ्यातला पट्टा काढला, ढोल खाली अंथरलेल्या गोधडीवर अलगद ठेवला, आवाज न करता. अख्ख्या जन्मात त्याने पहिल्यांदा काहीतरी अलगद ठेवलं. पेटी उघडली. मला उचललं. फुंकलं नाही, त्याला येतही नाही. त्या मोकळ्या जागेवर अनवाणी जाऊन उभा राहिला. पायवाल्यांनी त्याच्याकडे बघितलं. कागदवाल्यांनीही कागदावरून मान वर केली. फेरी चालत होती, संथ, घागर डोक्यावर असल्यासारखी. चाव्या वाजू नयेत म्हणून त्याने मला छातीशी दाबून धरलं होतं.

तेराव्या फेरीच्या शेवटाला त्याने मला वर उचललं. मोज्यासकट.

पंधराही जण एकदम थांबले.

बराच वेळ रेवतीने कट म्हटलं नाही. ती शांतता अल्बममध्ये आहे. सरांनी कापू दिली नाही.

आता मी पुन्हा खाटेखाली, पण पेटीची कडी उघडी असते. रविवारी पॉल मला बाहेर काढतो, फडक्याने पुसतो, मोजा काढतो, बघतो, परत ठेवतो. अजून धुतलेला नाही. मला नाक असतं तर मी तक्रार केली असती. मध्ये एकदा घरात कोणी नसताना त्याने फुंकून बघितलं. म्हैस. तो एकटाच हसला, मीही हसलो असतो. मग त्याने गोराईचा सूर शोधला. अजून सापडलेला नाही, जवळपास आहे.

ते "मी झोपतोय" त्याने घाटकोपरला सांगितलं नाही, मम्मीला सांगितलं नाही. माझ्यापाशी होतं, ते आज तुमच्यापाशी दिलं. ठेवा.

आणि एक विनंती. अल्बम ऐकणारे विचारतात, शेवटच्या फेरीत ढोल का नाही, ही सरांची काही युक्ती का? तुम्ही ऐकाल तेव्हा असं विचारू नका. त्या फेरीत डेल्रॉय नाही, मी नाही आणि ढोलही नाही. ढोलवाल्याचे हात रिकामे नव्हते, एवढंच. त्याने मला धरलं होतं.